कॅरिअर

शाळेत पालकांची सभा भरली की एक प्रश्न हमखास कानी पडतो. "बाई, मुलाच्या करिअरचे काय?" हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे क्षणभर भलतेच चित्र उभे राहते. माझ्या बालपणी आमच्या घरात कॅरिअर म्हणजे सायकलीच्या मागच्या चाकावर बसविलेला लोखंडी सांगाडा. उच्चारात दोन्ही शब्द जवळजवळ एकच. पालकांना अभिप्रेत असलेल्या करिअरविषयी सांगणारे पुष्कळ लोक आहेत. मी या दुसऱ्या कॅरिअरविषयी चार शब्द लिहिणार आहे.

आमच्या गोव्यात या सांगाड्याचे उपकार केवढे आहेत! पहाटे रबरी भोंगा वाजवीत पोदेर दारी येतो, तेव्हा त्याची बांबूची भली मोठी टोपली सायकलीच्या कॅरिअरवरच बांधलेली असते. तीत उंडे, पोळ्या, कांकणे ऊबदार राहावीत म्हणून वर जाड कापड आणि प्लॅस्टिक घातलेले असते. पोस्टमनचा गठ्ठा, मासेविक्याची पेटी, म्हशीसाठी कापलेल्या चाऱ्याचा भारा, शाळेत निघालेला धाकटा भाऊ, या सर्वांना त्याने आजवर जागा दिली.

माझे बाबा पसरकार. बार्देस तालुक्यातील आमच्या गावी त्यांचे किराणा मालाचे छोटेसे दुकान होते. १९७८ साली त्यांनी अठ्ठावीस इंची काळी सायकल घेतली. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून ते माल आणीत. मागे साखरेचे अर्धे पोते, त्यावर मिरच्यांची पिशवी, दांडीला तेलाचा डबा असा सारा संसार लादून ते सहा किलोमीटर येत. चढ लागला की उतरून ढकलीत. आम्हा दोघा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचे, गणवेशांचे, पुढे माझ्या महाविद्यालयाच्या फीचे पैसे त्या कॅरिअरवरून घरी आले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता दुसऱ्या सायकलीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. मागल्या सुट्टीत त्याने रुंद टायरांची एक सायकल विकत घेतली, चार महिने समुद्रकिनाऱ्यावर हिंडविली आणि पुन्हा बोटीवर जाताना ती माझ्या स्वाधीन केली. तिची चाके पाहून वाडीतील मुले हसली. साध्या सायकलीचे टायर दीड इंच रुंद; हिचे चार इंच! मात्र चाकाची एकूण उंची जुन्या अठ्ठावीस इंची चाकाहून फार निराळी नाही. रिम सव्वीस इंची जातीची. टायरच्या जाडीने ती उंची भरून निघते.

अशी सायकल जन्मली ती बर्फात आणि वाळूत. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात १९८७ साली बर्फावरून सायकलींची एक लांब शर्यत सुरू झाली. बारीक टायर बर्फात रुतत, तेव्हा तेथील हौशी कारागिरांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाके बनविली. तिकडे न्यू मेक्सिकोच्या वाळूत रे मोलिना नावाचे गृहस्थ रुंद रिम आणि टायर यांचे असेच प्रयोग करीत होते. पुढे २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीने पग्स्ली नावाची सायकल बाजारात आणली आणि ही जात जगभर पसरली. तिचे मर्म साधे आहे. टायर रुंद असला की हवा कमी ठेवता येते. हवा कमी असली की टायर पसरून जमिनीला अधिक जागी टेकतो, आणि भार अधिक जागेवर विभागला की चाक रुतत नाही. उंटाचे पाऊल वाळूत का रुतत नाही, या प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थी जो नियम सांगतात, तोच हा नियम.

अशी ही देखणी, दणकट सायकल. परंतु दुसऱ्याची चिमूटभर वस्तू घेण्याची सोय तिच्यावर नव्हती. कॅरिअर नाही, टोपली नाही, घंटीदेखील नाही. तिच्यावर बसणाऱ्याला बाजारहाट नाही, कोणाकडे काही पोहोचवावयाचे नाही, असे जणू ती घडविणाऱ्यांनी गृहीतच धरले होते.

मला मात्र पोहोचवावयाचे होते. दिवंगत आईची थोरली बहीण, माझी मावशी, बेळगावला असते. वयोमानाने तिचे गोव्याला येणे थांबले आहे. दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाटाने सायकलीवर तिच्याकडे जावे, आणि जाताना नारळ, सोले, काजू असा घरचा जिन्नस न्यावा, असे माझ्या मनाने घेतले. बस दररोज जाते, हे मलाही ठाऊक आहे; परंतु घाट पायाखालून जावा, अशी फार दिवसांची इच्छा होती.

दुसरेही एक कारण होते, आणि खरे म्हणजे तेच मोठे होते. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा सुधारली, चालणे सुधारले. उजवा हात मात्र अधू राहिला. दुकान बंद झाले. पन्नास वर्षे तोलून देणारा हात मांडीवर पडून राहिला. ज्या माणसाला सारा गाव भाव विचारीत असे, त्याला आता "जेवलात का?" यापलीकडे कोणी काही विचारीना. ते ओसरीवर बसून राहत. त्यांची काळी सायकल मागल्या पडवीत गंजत होती. भंगारवाला दोन-तीनदा येऊन गेला. बाबा त्याला दर वेळी "मागीर ये" एवढेच म्हणत. ती देतही नव्हते आणि तिच्याकडे पाहतही नव्हते.

कॅरिअरसाठी मी प्रथम शहरातील एका मोठ्या दुकानात गेले. तेथील मुलाने सायकलीकडे पाहून मान हलविली. "या सायकली ओझे वाहण्यासाठी नसतात, मॅडम," तो म्हणाला. बाजारातील नेहमीचे कॅरिअर तिला बसत नव्हते, हे मात्र खरे होते. त्याची कारणे तीन. पहिले म्हणजे रुंदी. रुंद टायर मावावा म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या फाकलेल्या असतात. मी आमच्या सायकलीची मागील आसाची जागा मोजली. ती १९० मिलिमीटर भरली. बाबांच्या सायकलीची अवघी १२० भरली. साध्या कॅरिअरचे पाय त्या बारीक सायकलीच्या मापाचे. ते येथे टायरलाच घासतात. दुसरे कारण डिस्क ब्रेकचे. डाव्या बाजूला आसाजवळ ब्रेकचा अवजड भाग बसविलेला असतो, आणि नेमकी तीच कॅरिअरच्या डाव्या पायाची वाट. तिसरे कारण उंचीचे. टायर आणि कॅरिअर यांच्यामध्ये निदान दोन बोटे मोकळी हवीत. नाही तर आमची तांबडी माती ओली झाली की तेथे साचून चाक अडते.

अशा सायकलींसाठी मुद्दाम बनविलेली कॅरिअर मिळतात. परंतु ती मागवून घेण्यास सुट्टीपूर्वी वेळ उरला नव्हता. म्हणून मी सायकल गावातील वेल्डिंगच्या दुकानात नेली. तेथील मेस्त दारे-खिडक्यांच्या जाळ्या करणारा. त्याने सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "बाई, वरची बैठक नवी कशाला करायची? शेटांच्या सायकलीचे कॅरिअर आहे ना? तसले जाड लोखंड आता कुठले मिळायला! पाय तेवढे कापून नवे लावू."

ही गोष्ट बाबांपुढे कशी काढावी, हे मला सुचेना. त्या कॅरिअरला करवत लावणे म्हणजे त्यांच्या पन्नास वर्षांना करवत लावण्यासारखे वाटत होते. संध्याकाळी चहा देताना मी ते सांगून टाकले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "ओझे किती नेणार?"

"पंधरा-सोळा किलो."

"बेळगावपर्यंत?"

"होय."

ते उठले, काठी टेकीत मागल्या पडवीत गेले आणि डाव्या हाताने त्या कॅरिअरची धूळ पुसू लागले. "काप," ते म्हणाले. "तें घरांत दवरून कोणाचें वजें व्हरतलें?" घरात ठेवून ते कोणाचे ओझे वाहणार, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर मेस्ताकडे आले. झटका आल्यापासून औषधोपचाराखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामासाठी ते प्रथमच घराबाहेर पडले होते.

मेस्ताच्या दुकानात त्या सकाळी जे शिकले, ते पुस्तकात कोठे वाचावयास मिळाले नसते. पायांसाठी सळई आठ मिलिमीटरची घ्यावी की दहाची, हा पहिला प्रश्न. आठची सळई दर मीटरला सुमारे ३९५ ग्रॅम, दहाची सुमारे ६१७ ग्रॅम. आम्हाला तीन मीटर लागणार होती. म्हणजे फरक साधारण ६६६ ग्रॅमचा. मी हलकी घ्या म्हटले. बाबा म्हणाले, "एक नारळ कमी ने, पण सळई दहाची घाल." ओझ्याचा हिशोब ते असा नारळात करीत होते, आणि तो बरोबर होता.

डाव्या पायाच्या वाटेत ब्रेक होता. पायाखाली लोखंडी नळीचा तुकडा ठेवून लांब बोल्ट घालावा, अशी एक तोड होती. मेस्ताने ती नाकारली. बोल्ट जितका लांब बाहेर येईल तितका त्याला वाकविण्याचा जोर वाढतो; विद्यार्थ्यांनी तरफेचा धडा आठवावा. म्हणून त्याने सळईच तापवून ब्रेकला वळसा घालीत बाहेर वाकविली आणि खाली पुन्हा आत आणली. बोल्ट आखूडच राहिला. टोके ठोकून चपटी केली, त्यांना छिद्रे पाडली आणि सायकलीच्या मागील टोकांना मुळातच असलेल्या आटेदार छिद्रांत पाच मिलिमीटरच्या पोलादी बोल्टांनी ती आवळली. वरची दोन टोके आतून रबर लावलेल्या पट्ट्यांनी बैठकीखालच्या दांड्यांना धरली. ओझे खालच्या दोन बोल्टांवर उतरते. वरच्या पट्ट्या केवळ कॅरिअरला मागेपुढे झुलू देत नाहीत. सैल होणारी जागा नेमकी कोणती, हे त्यामुळे कळले. बोल्टांना नायलॉनचे कडे असलेले नट बसविले. धक्क्यांनी ते सहसा सुटत नाहीत.

एक गोष्ट मेस्ताने बजावून सांगितली. वेल्डिंग केले ते कॅरिअरवर, सायकलीच्या सांगाड्यावर मुळीच नव्हे. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ज्योतीने तो तापला की त्याची ताकद कमी होते, आणि ते दोष डोळ्यांना दिसत नाहीत. वेल्डिंगच्या वेळी त्याने कॅरिअर सायकलीवरून उतरवूनच घेतले. करवतीने जुने पाय कापले गेले, तेव्हा बाबा बाकावर बसून पाहत होते. दोन्ही तुकडे खाली पडल्यावर त्यांनी ते उचलून मागितले, हातात वजन घेतल्यासारखे करून पाहिले आणि परत दिले. "चांगले लोखंड. कुठे तरी लाव," असे ते मेस्ताला म्हणाले.

यानंतर ओझ्याची पाळी आली. गावच्या शिंप्याकडून मी ताडपत्रीची पडशी शिवून घेतली. दोन थैल्या, मध्ये रुंद पट्टा. ती कॅरिअरवर टाकली की दोन्ही बाजूंना थैल्या लोंबतात. बाबांनी दुकानातली मोठी तागडी आढ्याला टांगावयास लावली. दोन वर्षांनी तिच्या साखळ्या वाजल्या. एका पारड्यात डावी थैली, दुसऱ्यात उजवी. काटा डावीकडे गेला की बाबा म्हणत, "सोले उजव्या थैलीत घाल." पुन्हा उचल, पुन्हा पाहा. शेवटी काटा मधोमध उभा राहिला. प्रत्येक थैली सात किलोंची झाली. वर रेनकोट, पंप आणि जादा ट्यूब बांधली. या सायकलीची एक ट्यूबच अर्ध्या किलोच्या आसपास भरते.

ओझे कसे रचावे याचे बाबांचे नियम मी वहीत टिपून घेतले आहेत. जड वस्तू तळाशी आणि आसाच्या जवळ, हलक्या वर. "वजें सकयल, आनी चाकाच्या लागीं." ओझे उंच गेले की सायकल उभी राहताना झोके खाते, ते फार मागे गेले की चढावर पुढचे चाक हलके होते आणि मार्ग सोडते. थैली चार बोटे मागे सरकवावी, म्हणजे पायडल मारताना टाच तिच्यावर आपटत नाही. दोरीचे मोकळे टोक कधीही लोंबते ठेवू नये. ते चाकात गेले तर स्वार रस्त्यावर येतो. बांधून झाल्यावर कॅरिअर धरून सायकल जोराने हलवावी; ओझे सायकलीबरोबर हलले तर ठीक, मागाहून हलले तर सोडून पुन्हा बांधावे. माझ्याकडून मी एक भर घातली. वाळूवर दहा पौंडांवर चालणारी टायरे डांबरी रस्त्यासाठी आणि ओझ्यासाठी वीस पौंडांपर्यंत भरली.

असे ओझे घेऊन माणसे कोठवर गेली आहेत! १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटे, डोंगर, जंगले ओलांडून १९२८ साली मुंबईस परतले. व्हिएतनाममध्ये १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईत हजारो माणसांनी सायकलींना बांबू बांधून एकेकीवर दोनशे किलोंहून अधिक धान्य आणि दारूगोळा लादला आणि डोंगरातून ढकलीत नेला. यांच्यापुढे माझे सोळा किलो ते काय!

दिवाळीनंतर आम्ही निघालो. सोबत माझी एक सहकारी शिक्षिका तिच्या साध्या सायकलीवर होती. पहिल्या दिवशी म्हापसा, डिचोली, साखळी करीत अंजुणे धरणाजवळच्या केरी गावी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढावयास लागलो. रुंद टायर डांबरी चढावर जड जातात, हे त्या दिवशी पोटऱ्यांना पुरते समजले. सहकारी बाई पुढे जाऊन वळणावर माझी वाट पाहत. जेथे दम लागला तेथे मी उतरून सायकल ढकलली. बाबाही चढावर उतरतच असत, त्यात कमीपणा कसला? माथ्यावर पोहोचल्यावर मेस्ताने सांगितल्याप्रमाणे चारही जागा पान्याने तपासल्या. वरची एक पट्टी किंचित सैल झाली होती, ती आवळली. खालचे बोल्ट तसूभरही हलले नव्हते. कणकुंबीस, जेथे मलप्रभा नदी उगम पावते, तेथे चहा घेतला, आणि जांबोटीवरून संध्याकाळच्या आत बेळगाव गाठले.

मावशीने पडशी स्वतः सोडली. नारळ हातात घेऊन तिने ते कानाशी हलवून पाहिले, सोल्यांचा वास घेतला आणि विचारले, "हे बांधले कोणी? तुझे काम दिसत नाही." बाबांनी बांधले म्हणताच ती थोडा वेळ गप्प झाली. "एका हाताने?" तिने विचारले. मी सांगितले, "दोर माझ्या हातात होता, गाठ त्यांची." परतताना त्याच थैल्यांत तिने बेळगावचा कुंदा, घरची मेतकुटाची बरणी आणि बाबांसाठी एक लोकरी बंडी भरली. तिच्याकडे तागडी नव्हती. तरीही दोन्ही थैल्या हातांत तोलून तिने त्या बरोबर सारख्या केल्या.

आता आमच्या ओसरीवर सायंकाळी माझ्या नववीच्या वर्गातील दोन-तीन मुले सायकली घेऊन येतात. कोणाचे कॅरिअर लटपटत असते, कोणाला गॅसचा रिकामा सिलिंडर न्यावयाचा असतो. बाबा डाव्या हातातील काठीने दाखवितात, "हां बोल्ट पळय," आणि मुले पाहतात. उजवा हात अजून मांडीवरच असतो. पण माणूस रिकामा बसलेला नसतो.

भंगारवाला परवा पुन्हा आला. या वेळी बाबांनी काळी सायकल त्याला देऊन टाकली. तो आपला काटा पिशवीतून बाहेर काढू लागला, तेव्हा बाबांनी त्याला थांबविले आणि आढ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "रांव. म्हजी तागडी आसा."